पाहुणे गेल्यावर

महाराष्ट्राचा पक्षी सप्ताह ५ ते १२ नोव्हेंबर असतो. पाच तारखेला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, बाराला डॉ. सलीम अलींचा; मध्ये आयता आठवडा सापडला आणि २०२० मध्ये सरकारने तो जाहीर केला. तारखांबद्दल तक्रार करावी असे काही नाही. हवा सुखाची असते आणि उत्तरेकडून निघालेली मंडळी खाड्यांवर, तलावांवर उतरू लागलेली असतात. एवढेच की आधीच रुजलेली एक समजूत या सप्ताहाने आणखी घट्ट केली: पक्षी पाहायचे ते हिवाळ्यात. होळी पेटली की मुंबईतल्या निम्म्या दुर्बिणी सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डब्यात जातात, त्या दिवाळीपर्यंत बाहेर येत नाहीत.

हिवाळ्यात आपण पाहतो ते बरेचसे पाहुणे. पाहुणा कुठल्याही घरी सारखाच वागतो. खातो, अंगावर मांस चढवतो, दिवस भरले की निघतो. घर कळायचे तर पाहुणे गेल्यावर जावे. कोणाचे कोणाशी पटत नाही, कोण कोणाची मुले सांभाळतो, घरात चालते कोणाचे, हे तेव्हा दिसते. म्हणून माझा पक्षी सप्ताह मेचा शेवटचा आठवडा. गेली बरीच वर्षे मी तो पाळतो, रजा टाकून. घरचे याला उन्हाचा परिणाम म्हणतात.

हा आठवडा बेटावरचा असतो, हेही सांगितले पाहिजे. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही सारी साष्टी बेटावरची गावे. सहासष्ट गावांचे बेट म्हणून षट्षष्टी, तिचे साष्टी, आणि परक्यांच्या तोंडी साल्सेट. पश्चिमेला अरबी समुद्र, उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची. दक्षिणेची माहीमची खाडी भरावांनी इतकी बुजली आहे की तिथे बेट संपते हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. पण विरार लोकलने भाईंदर सोडले, की खाडीपुलावर चाकांचा आवाज बदलतो आणि दारातले दोन-चार जण मान वळवून पाण्याकडे बघतात. तिथे तुम्ही बेट सोडलेले असते. सलीम अली आणि हुमायून अब्दुलअली यांनी १९३०च्या दशकात इथल्या पक्ष्यांची नोंद बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात क्रमाने छापली, तिचे नावच ‘द बर्ड्स ऑफ बॉम्बे अँड साल्सेट’. आजही मुंबईचा कोणी जाणकार पक्षीनिरीक्षक जुन्या नोंदींशी ताडून पाहू लागला, की त्याला त्याच पानांकडे वळावे लागते.

बेटाच्या मधोमध डोंगर आणि जंगल आहे. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, त्याच्या पोटात विहार आणि तुळशी हे दोन तलाव. पूर्वेला खाडीचा चिखल, तिवरांची झाडी आणि मिठागरे. पश्चिमेला वाळू आणि खडक. या सगळ्यांच्या फटीत आपण राहतो. लोकलच्या एका पासावर डोंगरातला, तळ्यातला आणि खाडीतला पक्षी एकाच आठवड्यात बघता येतो, ही सोय मोठमोठ्या शहरांना नाही.

माझा आठवडा सोमवारी सुरू होतो आणि सोमवारी राष्ट्रीय उद्यान बंद असते. नवख्याला ही अडचण वाटेल. मी तो दिवस अंधेरीला आमच्याच सोसायटीच्या आवारात घालवतो. मेच्या अखेरीस सूर्य सहाच्या सुमाराला उगवतो, पण कोकिळ चारपासून सुरू असतो. त्याच्या नावाने बोटे मोडणारे शेजारी मला दरवर्षी विचारतात की हा एवढा का ओरडतो. उत्तर आमच्या बदामाच्या झाडावर असते. तिथे कावळ्याचे घरटे आहे: काटक्या थोड्या, आणि केबलवाल्यांनी टाकून दिलेल्या वायरी फार. कोकिळा अंडे घालते ते या घरट्यात. काळा, लाल डोळ्यांचा, गाणारा तो नर. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके, आणि तिचा आवाज म्हणजे नुसती ‘किक-किक-किक’ अशी घाई. जिचे गाणे म्हणून आपण तिला ‘कोकिळा’ म्हणतो, ती गातच नाही.

कोकिळेचे अंडे कावळ्याच्या अंड्याआधी फुटते. साधारण दोन आठवड्यांत पिल्लू बाहेर, कावळ्याची पिल्ले मागून. युरोपातल्या कुक्कूचे पिल्लू यजमानाची अंडी पाठीवर घेऊन घरट्याबाहेर लोटते. आपल्या कोकिळेचे पिल्लू बहुधा तेवढे करत नाही, फक्त आधी जन्मून आधी तोंड उघडते. मेच्या अखेरीस आमच्या आवारातले दृश्य असे असते: कावळीण पाव भिजवून आणते आहे, आणि तिच्यासमोर पंख थरथरवत बसलेले बाळ दिवसेंदिवस तिच्यासारखे कमी दिसू लागले आहे. वॉचमनला मी हे दाखवले तेव्हा त्याने बराच वेळ पाहिले आणि म्हणाला, “साहेब, तिला कळत नसेल का?” पक्षीशास्त्रज्ञही इतक्या वर्षांत याहून वेगळा प्रश्न विचारत नाहीत.

त्याच आवारात शिंप्याने कर्दळीच्या पानाला टाके घातलेले असतात. चोचीने कडेला भोके, त्यांतून कापसाचा किंवा कोळ्याच्या जाळ्याचा धागा. गाठ मारत नाही. धाग्याचे टोक भोकाबाहेर पिंजारते आणि अडकून बसते. तिसऱ्या मजल्यावरच्या ग्रिलमध्ये मनी प्लांटच्या कुंडीत लालबुड्या बुलबुलाची पिल्ले. फाटकाबाहेर कचऱ्याच्या डब्याजवळ गायबगळे, पण हे हिवाळ्यातले शुभ्र बगळे नव्हेत. डोके, मान आणि पाठ हळदीत केशर कालवल्यासारखी. नाल्याकाठचा वंचक तर ओळखू येत नाही. वर्षभर चिखलाच्या रंगाचा राहणारा हा बगळा या दिवसांत पाठीवर गडद तांबडी पिसे मिरवतो. या दोघांनाही रस्त्याकडेच्या मोठ्या झाडांवर संसार थाटायचा असतो. ती झाडे लक्षात ठेवा. पुढे त्यांचे काम आहे.

दहानंतर कोणी कुठे जात नाही. पंधरा-सोळा मेच्या सुमारास मुंबईत सूर्य भरदुपारी थेट डोक्यावर येतो, त्या दिवशी उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. आठवड्याने ती बोटभर परत आलेली असते, एवढाच फरक. पक्ष्यांच्या अंगाचे तापमान मुळातच चाळीस अंशांच्या वर, आणि त्यांना घाम येत नाही. घामाच्या ग्रंथीच नाहीत. मग कावळा चोच उघडून धापा टाकतो, बगळे गळ्याची कातडी भराभर फडफडवतात. तोंडातली आणि घशातली ओल उडून जाते आणि तिच्याबरोबर उष्णता. उघड्या चोचीचा कावळा पाहून लोक त्याला तहान लागली म्हणतात. लागलेलीही असते, पण मुख्यतः त्याचा पंखा चालू असतो. घराबाहेर पाण्याचे पसरट भांडे ठेवा, सावलीत ठेवा, आणि रोज धुवा. मातीचे असले तर उत्तम.

मंगळवार, बुधवार, आणि जमल्यास गुरुवारही बोरिवली. स्टेशनच्या पूर्वेला उतरून चालत दहा मिनिटांत उद्यानाचे दार. सकाळी फिरायला येणाऱ्यांची गर्दी पहिल्या किलोमीटरपुरती. कान्हेरीच्या रस्त्याने पुढे गेलात की उरतात ती माकडे आणि तुम्ही. तुळशी तलावाकडून येणाऱ्या दहिसर नदीचे या दिवसांत नुसते दगड राहिलेले असतात, मध्ये कुठे हिरवे डबके. अशा एका डबक्याजवळ न हलता अर्धा तास बसा. पानगळ झालेल्या जंगलात उन्हाळ्यात पाणी हीच एक जागा असते जिथे सगळ्यांना यावेच लागते. टिकेलचा निळा माशीमार येतो, शेपटीचा पंखा उघडत-मिटत नाचण येतो, शेपटीच्या टोकाला दोन लांब तारा लावलेला भृंगराज येऊन सगळ्यांना हुसकावतो. परतताना पाड्यांवरच्या बायका पानांच्या द्रोणांत करवंदे घेऊन बसलेल्या असतात. ती घ्यावीत. बुलबुलांनी आणि तुम्ही एकाच झुडपाचे खाल्ले, याचेही एक सुख आहे.

पण बोरिवलीला मी मुख्यतः जातो तो धनेशासाठी. राखी धनेश. घारीएवढा, राखाडी, मोठ्या वाकड्या चोचीचा, चोचीवर छोटे शिंग. उडताना पंख दोन-चार वेळा मारतो आणि मग तरंगतो, पुन्हा मारतो, पुन्हा तरंगतो. त्याचा संसार आपल्या जंगलातली सर्वांत विलक्षण गोष्ट आहे, आणि ती पाहायला मेसारखा महिना नाही.

मार्च-एप्रिलमध्ये मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि आतून दार लिंपून घेते. गिलावा म्हणजे तिची विष्ठा आणि नराने आणून दिलेला चिखल. तो वाळून सिमेंटसारखा होतो. उरते एक उभी चीर, चोचीचे टोक जाईल एवढी. आत ती अंडी घालते, आणि उडायची सोय नाही म्हटल्यावर पंखांची आणि शेपटीची पिसे झाडून टाकते. दोन-अडीच महिने ती बाहेर येत नाही. तिचे आणि पिल्लांचे सगळे अन्न एकटा नर आणतो. त्या काळात नर मेला, तर आतल्यांचे जगणे कठीण.

माझे झाड कुठे आहे ते मी सांगणार नाही. घरट्यांचे पत्ते छापू नयेत, हा या छंदातला पहिला नियम, आणि मोबाइल आल्यापासून तो सर्वांत जास्त मोडला जातो. एवढे सांगतो, की मी दूर आडोशाला बसलो होतो. सातच्या सुमारास नर आला, पण थेट ढोलीकडे गेला नाही. आधी शेजारच्या झाडावर बसून पाच मिनिटे चहूकडे पाहिले. मग चिरेपाशी बुंध्याला टेकून लटकला, मान मागे घेतली आणि घशातून उंबर वर काढले. एक उंबर, चिरेतून बाहेर आलेल्या चोचीत. पुन्हा मान मागे, पुन्हा उंबर. मी मोजत होतो, सोळापर्यंत मोजले, आणि मग मोजणे विसरून गेलो. पोटात सोळा फळे आणि चोच रिकामी, म्हणजे वाटेत हिसकावणारा कोणी भेटला तरी हाती काही लागू नये. नर गेल्यावर ढोलीतून एक पिचकारी बाहेर उडाली; मादीही घर स्वच्छ ठेवते. झाडाखाली पडलेल्या त्या घाणीत उंबराच्या आणि वडाच्या बिया असतात. बोरिवलीच्या जंगलात कित्येक उंबर-वड या पक्ष्यांच्या पोटातून पेरले गेले आहेत.

मुंबईकरांचा धनेशाशी जुना घरोबा आहे, हे जाता जाता सांगतो. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कार्यालयात १८९४ ते १९२० अशी सव्वीस वर्षे ‘विल्यम’ नावाचा एक मोठा धनेश राहत होता. संस्थेच्या आजच्या इमारतीचे नाव ‘हॉर्नबिल हाऊस’ का, हे विचारणाऱ्यांना हीच गोष्ट सांगतात.

आता प्रश्न असा, की एवढ्या काहिलीत पोरे वाढवायची अवदसा या पक्ष्यांना का आठवते? उत्तर पावसात आहे. पिल्लाला वाढायला प्रथिने लागतात, म्हणजे किडे आणि अळ्या. पहिल्या सरींनंतर पालवी फुटते, पालवीवर अळ्यांचा सुकाळ होतो. पिल्लू घरट्याबाहेर पडेल तेव्हा बाहेर ताट वाढलेले असावे, असा बेत. फळे खाणारा धनेश वड-उंबराच्या बहराकडे बघतो. मुनियांसारखे दाणे टिपणारे पक्षी घाई करत नाहीत. गवताला बी धरेपर्यंत थांबतात. प्रत्येकाचे पंचांग वेगळे, पण सगळ्यांची पंचांगे एकाच पावसाला बांधलेली.

भूमध्य समुद्रातल्या बेटांवर हेच गणित उलटे मांडलेले आहे. तिथला उन्हाळा कोरडा; जुलैत तिथे गेलेला हौशी पक्षीनिरीक्षक आपल्यासारखाच ‘काही दिसत नाही’ म्हणून हिरमुसतो. बहुतेक पक्ष्यांची पिल्ले तोवर उडून गेलेली असतात. पण तिथल्या कड्यांवर एलिओनोरा नावाचा ससाणा राहतो, तो भर उन्हाळ्यात अंडी घालायला सुरुवात करतो. त्याची पिल्ले मोठी होतात ती ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, जेव्हा युरोपातले लक्षावधी छोटे पक्षी आफ्रिकेकडे निघून समुद्र ओलांडत असतात. आपण पावसाची वाट बघतो, तो वाटसरूंची. काम झाले की स्वतः मादागास्करला जातो. त्याचे नाव सार्डिनियाच्या एलिओनोरा या राज्यकर्त्या बाईवरून पडले. चौदाव्या शतकाच्या अखेरीस तिने आपल्या कायद्यात ससाण्यांच्या घरट्यांना संरक्षण दिले होते.

शुक्रवारी मुलुंड. खरे म्हणजे मुलुंड आणि भांडुपच्या मधली, पूर्व द्रुतगती मार्गापलीकडची खाडी. नुसते ‘पंपिंग स्टेशन’ म्हटले तर रिक्षावाल्याला कळत नाही, पण पक्षीमित्राला कळते. हिवाळ्यात इथे रविवारी दुर्बिणींची जत्रा भरते. मेमध्ये मी आणि दोन मासेमार. चिखलावर तुतारी आणि चिखल्या थोडे उरलेले दिसतात. त्यांना आजारी समजू नका. पहिल्या वर्षाची कित्येक पोरे प्रजननाचे वय नाही म्हणून उत्तरेला जातच नाहीत, उन्हाळा इथेच काढतात. पाहुण्यांतली ही मागे राहिलेली मुले.

पण शुक्रवार टिटवीचा. तिला कोण ओळखत नाही? रात्री ओरडली की कोणीतरी मरणार, असे म्हणत आपण तिला शतकानुशतके शिव्या दिल्या. मिठागराच्या उघड्या बांधावर खड्यांत ती चार अंडी घालते, टोके आतल्या बाजूला वळवून, खड्यांच्याच रंगाची. सावलीचे झुडूप नाही, आडोसा नाही. इतर पक्षी अंडी उबवतात. मेमध्ये टिटवीपुढे उलटा प्रश्न असतो, अंडी शिजू नयेत हा. नर-मादी आळीपाळीने उभ्याने सावली धरतात. मग एक जण उठून पाण्याकडे पळतो, पोटाची पिसे भिजवून येतो आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसतो. दुपारी बारा वाजता, छत्री धरून, मी हे पाहिले आहे. लाल पायांचा शेकाट्याही असेच करतो. आपल्याकडच्या माठाचे तत्त्व, फक्त माठ स्वतः चालत पाण्यावर जाऊन येतो.

या मिठागरांचे पुढे काय होणार, हे लिहिल्याशिवाय मुलुंड पुरे होत नाही. कांजूर, भांडुप आणि मुलुंडची सुमारे २५६ एकर मिठागर जमीन धारावी पुनर्विकासातल्या घरांसाठी देण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला. माणसांना घरे हवीत, यावर माझे काही म्हणणे नाही. पण तिथली जमीन ‘पडीक’ आहे असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा म्हणणारा तिथे मेमध्ये गेलेला नाही हे नक्की कळते.

परतीच्या वाटेवर बाभळीवर सुगरणींची लगबग सुरू झालेली असते. नरांची डोकी पिवळीधमक. १९३० च्या पावसाळ्यात सलीम अली समोरच्या किनाऱ्यावर, अलिबागजवळच्या किहीमला, शिडीवर तासन् तास बसून यांचे संसार पाहत होते. घरटे नर विणतो, पण अर्धेच. टोपीएवढे झाले की थांबतो. मादी येते, आत शिरून ओढून-ताणून बघते. पसंत पडले तरच ती राहते आणि तो बाकीचे नळकांडे पुरे करतो. ती अंड्यांवर बसली की हा शेजारच्या फांदीवर दुसरे घरटे विणायला घेतो, दुसरीसाठी. सुगृहिणीचे नाव घेऊन फिरणाऱ्या या गृहस्थाचे चारित्र्य किहीमला उघडे पडले.

शनिवारी घाटकोपर, आणि तेही संध्याकाळी. घाटकोपरला पक्षी बघायला कोण जाते, असे मलाही विचारतात. ठाण्याच्या खाडीत १९९० च्या दशकापासून रोहित पक्षी येऊ लागले. मैलापाण्याने खाडीत शेवाळ माजले आणि ते शेवाळ लहान रोहितांना मानवले. आपल्या घाणीवर पोसलेले हे गुलाबी वैभव. २०१५ मध्ये खाडीचा जवळजवळ सतरा चौरस किलोमीटर भाग अभयारण्य झाला, २०२२ मध्ये रामसर स्थळ. मेच्या उत्तरार्धात हे थवे गुजरातकडे परतू लागतात. निघतात अंधार पडल्यावर. पूर्वेला खाडी आणि पश्चिमेला विमानतळ, यांच्या मधोमध घाटकोपर.

२० मे २०२४ च्या रात्री पंतनगरच्या लक्ष्मीनगरात आकाशातून रोहित पडू लागले. दुबईहून येऊन उतरण्याच्या बेतात असलेल्या विमानाला थवा धडकला होता. विमान सुखरूप उतरले. गल्ल्यांतून, पत्र्यांवरून गोळा केलेले मृत पक्षी एकोणचाळीस भरले. तेव्हापासून माझा शनिवार तिथला. गच्चीवर मित्राबरोबर खुर्च्या टाकून आम्ही अंधार होईपर्यंत बसतो. बऱ्याचदा काहीच दिसत नाही. एखाद्या वर्षी मात्र दिवे लागल्यावर वरून हंसासारखा घोगरा आवाज येतो, मान वर करेपर्यंत शहराच्या उजेडात फिकट गुलाबी झालेली रांग उत्तरेला सरकलेली असते, आणि मागून विमान येते. ते दोन प्रकाश वेगळे होईपर्यंत आम्ही बोलत नाही.

रविवार आकाशाकडे बघण्याचा. मुंबईला पाऊस पोचण्याची सरासरी तारीख ११ जून. पक्षी त्याआधीच वर्दी देतात. ‘पेरते व्हा’ म्हणून पावशा कधीचा ओरडत असतो. त्याच्या आवाजाला चढत चढत घशात अडकण्याची सवय आहे. काळा-पांढरा, शेंडीवाला चातक आफ्रिकेतून याच सुमारास येतो. तो पावसाचे थेंबच पितो ही कवींची गोष्ट. त्याला घाई असते ती सातभाईंच्या घरट्यात अंडी घालण्याची. आणि मग नवरंग. दक्षिणेतून येणारा, मुठीएवढा, शेपूट नसल्यासारखा, अंगावर खरोखर नऊ रंग मावलेला. तमिळमध्ये त्याला सहाच्या ठोक्याचा पक्षी म्हणतात, कारण सकाळ-संध्याकाळ तो दोन सुरांची शीळ घालतो. बोरिवलीच्या रानात ती शीळ ऐकू आली की माझा सप्ताह संपला. २०२५ मध्ये मात्र पाऊसच २६ मे रोजी येऊन थडकला. सोमवार होता. माझा आठवडा सुरू व्हायच्या आत वाहून गेला, आणि टिटवीचे बांध पाण्याखाली गेले.

नवरंग रात्री प्रवास करतो. शहराच्या दिव्यांनी दिपून तो इमारतींवर आदळतो. याच दिवसांत तो कोणाच्या बाल्कनीत, कोणाच्या जिन्यात थकून बसलेला सापडतो. सापडला तर बुटांच्या खोक्याला भोके पाडून त्यात अंधारात ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, फोटोसाठी हातोहात फिरवू नका. वन खात्याचा मदत क्रमांक १९२६ आहे.

आता त्या रस्त्याकडेच्या झाडांबद्दल. मे महिना घरट्यांचा, आणि मे महिनाच मुंबईत झाडे छाटण्याचा. पावसाआधी फांद्या उतरवून घ्या, असे महापालिका दरवर्षी सोसायट्यांना सांगते, आणि ते बरोबरच आहे. फांदी पडून माणसे मरतात. पण हिशेब फार उशिरा सुरू होतो. चार वर्षांपूर्वी जूनच्या पहिल्या आठवड्यात आमच्या पलीकडच्या गल्लीत एका सोसायटीने मोठे शिरीषाचे झाड ‘हलके’ करून घेतले. सकाळी दहापर्यंत रस्त्यावर वंचकांची पिल्ले पडली होती, पिसे न फुटलेली. आम्ही तिघांनी अकरा उचलली. जगली चार. त्या माणसांना पक्ष्यांचा राग नव्हता. वर काही आहे हे कोणी पाहिलेच नव्हते. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ यात रानपक्ष्याची अंडी किंवा घरटे बिघडवणे हे शिकारीच्या व्याख्येत बसते, ही गोष्ट त्या दिवशी तिथे उभ्या असलेल्या एकालाही ठाऊक नव्हती.

तुमच्या सोसायटीची सर्वसाधारण सभा असेल तेव्हा एवढे मांडा: छाटणी डिसेंबर-जानेवारीत उरकावी. घारीचे घरटे असेल तेवढे झाड तेव्हा वगळावे. मेपर्यंत राहिलीच, तर धोक्याची फांदी तेवढी उतरवावी आणि बाकीच्या पावसाळ्यानंतर. कंत्राटदार शिडी लावण्याआधी कोणीतरी दहा मिनिटे झाडाखाली उभे राहून वर बघावे. खाली पानांवर आणि गाड्यांवर पांढरे शिंतोडे असतील तर वर कोणीतरी राहते आहे. परवानगीचा अर्ज महापालिकेच्या विभाग कार्यालयात, उद्यान खात्याकडे द्यावा लागतो. तो नोव्हेंबरात दिलेला बरा, पक्षी सप्ताहातच.